सोन्यासारखा घासलेला हंडा

आंबिलीचा पेला कुणी पुढे केला की ती घटना आजही माझ्यापुढे उभी राहते. नको म्हणवत नाही आणि घशाखाली उतरतही नाही. निवृत्तीनंतर मी नांदेडजवळ विष्णुपुरीला राहतो. उन्हाळा लागला की आमच्या सूनबाई ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील करतात. सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत मी पेला नुसता हातात धरून बसतो. घरचे आता काही विचारत नाहीत.

त्या वेळी मी निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात चैत्रात देवीची यात्रा भरते. यात्रा म्हणजे लोकांना देव आणि पाळणे, आम्हाला मात्र बंदोबस्त, पाकीटमार आणि हरवलेली पोरं. त्या वर्षी यात्रेआधी ठाण्याच्या आवारात खाण्यापिण्याचे स्टॉल लावणाऱ्यांची बैठक घेतली. अन्न प्रशासनाचे अधिकारी आले होते. एका दिवसाचा स्टॉल असला तरी नोंदणी करा, फुकट वाटप असलं तरी करा, पाणी झाकून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. रंगाच्या आणि खताच्या रिकाम्या ड्रममध्ये सरबत, ताक, आंबील ठेवू नका आणि भांडी स्वच्छ घासलेली ठेवा, हेही बजावलं. नियम सगळे योग्यच होते.

पहिल्या रांगेत एक म्हातारी आणि तिची विधवा सून बसल्या होत्या. म्हातारीचा धाकटा मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या नावानं या दोघी दरवर्षी यात्रेत आंबील वाटत. म्हातारी उभी राहिली.

"सायेब, इतके दिस आमी डरममदीच ठिवत व्हतो. आता माझ्या लग्नातला पितळी हंडा हाय माळ्यावर. त्यो चालंल का?"

"चालेल की आजी. फक्त स्वच्छ पाहिजे."

"माझी सून लई टापटिपीची हाय," म्हातारी कौतुकानं म्हणाली आणि सगळे हसले. सून लाजून पदर सारखा करत होती.

यात्रेच्या दिवशी पालखी देवळात आली, नैवेद्य झाला आणि या दोघींच्या मांडवापुढे रांग लागली. थोड्याच वेळात माणसं पोट धरून बसायला लागली. उलट्या, जुलाब, चक्कर. आमच्या जीपसकट मिळेल त्या गाडीतून माणसं ग्रामीण रुग्णालयात नेली. म्हातारी मात्र "आदी लोकायला न्या" म्हणत मांडवातच बसून राहिली. बाकीचे सलाईन लावल्यावर सावरले. म्हातारीला लातूरला हलवलं, तिथं ती गेली.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली. हंड्यातल्या आंबिलीचा नमुना आणि व्हिसेरा तपासणीला पाठवला. तेवढ्यात ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदारानं मला दिला.

"म्हातारीला सुनंनं इख घातलंय. बाकीचे लोक नुसते दाखवायला. जमीन कुणाच्या नावावर झाली ते बगा." फोन बंद.

फोन कुणाचा हे शोधायला वेळ लागला नाही. तो म्हातारीचा थोरला मुलगा होता. म्हातारीनं आपल्या वाट्याची जमीन विधवा सुनेच्या नावे केली होती आणि तेव्हापासून तो आईशी बोलत नव्हता. बोलावल्यावर त्यानं काही लपवलं नाही. "हाव, म्याच केला फोन. सगळ्यायनं एकेकच पेला घेतला, मग माझ्या मायनंच जास्त कशी पेली? कुनी पाजली?"

त्याच्या म्हणण्यात दम नव्हता असं नाही. आमच्या पंचनाम्यातही एक गोष्ट खटकत होती. हंडा अर्ध्याहून जास्त भरलेला होता, बाहेर रांग होती, तरी लोक आजारी पडायच्या आधीच वाटप थांबलं होतं. जिच्यासाठी विष घातलं तिच्या पोटात ते गेलं, मग बाकीच्यांना कशाला द्यायचं? पोलिसाचं डोकं असंच चालतं. गावाचं डोकं तर आमच्याही पुढे पळत होतं. अंत्यविधीला सुनेला मृतदेहाजवळ येऊ दिलं नाही. तिच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं. खुनाचा गुन्हा लागला असता तर त्या बाईला दुनियेत उभं राहायला जागा उरली नसती.

महिला हवालदाराला सोबत घेऊन मी तिची चौकशी सुरू केली. माझा एक अनुभव आहे. अपराधी माणूस आत आला की आधी स्वतःचं काय होणार ते विचारतो. तिनं खाली बसायच्या आधी विचारलं, "लोक बरे हायत का, सायेब?"

पीठ कुणी दळून आणलं, ताक कुठलं, हंड्याजवळ कोण कोण आलं, सगळं विचारलं. संध्याकाळी हंड्यातच आंबील शिजवली, रात्रभर त्यातच आंबवली आणि सकाळी मांडवात नेली. दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

"चाखून पाहिली होती?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या मुलखातून आलोय. "निवद दावायच्या आदी कसं चाखावं, सायेब? उष्टं व्हतंय की."

मग मी हंड्याबद्दल विचारलं. आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेली ती बाई सरळ बसली. म्हणाली, "त्याच्यात मात्र काई कसूर केली न्हाई बगा. तुमच्या मिटिंगमदी सांगितलं व्हतं ना, सोच्छ पायजे. भायेरून तर चिंच लावून घासलाच. पन आतून समदे पांढरट डाग व्हते. आत्याला दिसत नव्हतं, मोतीबिंदू व्हता." सासूला ती आत्या म्हणे. "त्ये डाग काई केल्या निगंनात. मग वाळू घेतली, ईट घेतली. घासून घासून हात सोलले. पन आतून सोन्यावानी काढला हंडा!"

मी लिहायचं थांबलो. आमच्या घरी पितळेची भांडी होती. दारात भाता लावून बसणारा कल्हईवाला मी लहानपणी तासन्‌तास पाहिलाय. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर देतात, ती कल्हई. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की कळकतो, म्हणजे विषारी होतो. म्हणून तो थर. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या या पोरीला तो डाग वाटला होता. तिनं सासूच्या हंड्याची उरलीसुरली कल्हई हात सोलवटून काढली आणि रात्रभर त्यात आंबील ठेवली.

मी हवालदाराला तिला चहा द्यायला सांगितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ती खुनी नाही हे मला कळलं होतं. पण सुटका करायची तर तिला हे सांगावं लागणार होतं.

राहिला प्रश्न म्हातारी जास्त का प्याली याचा. त्याचं उत्तर शेजारी बांगड्यांचं दुकान लावलेल्या बाईच्या जबाबात मिळालं. आंबील पिऊन दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं होतं, एकानं तर ओतून दिली. म्हातारी खवळली. तोवर तिनं स्वतः थेंबही घेतला नव्हता. "देवीच्या परसादाला नावं ठेवता व्हय रं? माझ्या सुनंच्या हातची हाय!" असं म्हणून सगळ्यांदेखत तिनं दोन पेले घटाघट रिकामे केले. रांगेजवळून थोरला मुलगा चालला होता. "ये रं, भावाच्या नावाचं घोटभर तरी पी," म्हणून तिनं त्यालाही हाक मारली. तो न पाहता निघून गेला.

"मंग म्हातारी एकदम गप झाली," बांगडीवाली म्हणाली. "जिभीवर कायतरी घोळवल्यागत केलं. मंग हंड्यावर झाकन ठिवलं आन् म्हनली, सरली आंबील. म्या बगितलं सायेब, हंडा भरल्याला व्हता. सून इचारून राहिली, का वो आत्या? तर म्हनली, तू बस, दमलीस."

जन्मभर पितळ वापरलेल्या बाईला ती चव कळली नसेल? रागाच्या भरात पेले पोटात गेले आणि मग जिभेनं सांगितलं. रांगेतल्या लोकांना तिनं वाचवलं. पण सुनेनं काय केलंय हे तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. सांगितलं असतं तर कदाचित वाचली असती.

यथावकाश प्रयोगशाळेचा अहवाल आला. आंबिलीत पितळेतून उतरलेल्या तांब्याचा अंश होता, दुसरं कुठलंही विष नव्हतं. घातपात नाही असा अहवाल मी वरिष्ठांना पाठवला आणि तो मान्य झाला.

थोरल्या मुलाला आधी बोलावलं आणि बांगडीवालीचा जबाब वाचून दाखवला. आईनं मारलेल्या हाकेपर्यंत आल्यावर तो म्हणाला, "बास करा सायेब." तरी मी शेवटपर्यंत वाचलं. त्याला ते ऐकणं भाग होतं.

मग त्याला तिथंच बसवून सुनेला आत घेतलं. कल्हई म्हणजे काय, ती निघाल्यावर काय होतं, सगळं सावकाश सांगितलं. ती रडली नाही. आपले हात उलटेपालटे करून पाहत राहिली. तळव्यांवरचे वण अजून पुरते गेले नव्हते.

"मंजे म्या इतकं घासलं नसतं तर..." ती म्हणाली.

स्वच्छता ठेवा हे आम्ही सांगितलं होतं, स्वच्छ म्हणजे काय हे प्रत्येकानं आपापल्या घरातून आणलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक यात्रेआधी मी स्टॉलवाल्यांना भांडी घेऊनच यायला सांगत असे, आत हात घालून बघत असे आणि वाटायच्या आधी कुणीतरी चाखलीच पाहिजे असा आग्रह धरत असे. लोक म्हणत, साहेबांना भलतंच खूळ आहे. म्हणोत. माणूस नियम मोडतो तेव्हा आपण त्याला धरतो. तो मनापासून नियम पाळतो तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही, हे मला त्या हंड्यानं शिकवलं.

पण त्या दिवशी तिचा खरा प्रश्न पुढे होता. जाता जाता ती दारात थांबली.

"सायेब, आत्याला चव कळली व्हती का? माझ्याच्यानं झालं, हे तिला कळलं व्हतं का?"

जबाब टेबलावर होता. बांगडीवालीचा अंगठा त्याच्यावर होता. मी म्हणालो, "नाही."

माझं उत्तर कच्चं निघालं असावं, कारण ती हलली नाही. तिनं वळून थोरल्या दिराकडे पाहिलं. जिला जेलात घालायला त्यानं फोन केला होता, तिच्याकडे त्यानं पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

"न्हाई कळलं मायला," तो म्हणाला. "तिला आंबील लई गोड लागली, म्हनून तर इतकी पेली. चल, घरी चल."