मार्गारेटबाईंची डबी

हे तुम्हाला सांगावं की नको, माझं मलाच कळत नाहीये. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका. हसा हवं तर, फक्त आमच्या गल्लीत कोणाला सांगू नका.

मार्गारेटबाई म्हणजे इंग्लंडात, रीडिंग गावातल्या आमच्या शेजारीण. वय ऐंशीच्या पुढे. गौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावलं, तर आदल्या दिवशी सकाळीच एक चांदीची डबी घेऊन आल्या.

"माझ्या आईची आहे. चीनमधल्या सोनारांनी इंग्रजांना विकायला बनवलेली. तुझं कुंकू हिच्यात ठेव. आईला आवडलं असतं."

डबी सुरेख. पण झाकणभर निळं-हिरवं काहीतरी साचलेलं, मधे मधे तडे. मी मनात म्हटलं, या लोकांना चांदी घासायला कोणी शिकवलंच नाही! गौरीपुढे अशी कळकट डबी ठेवायची? आणि तीही माझ्या घरात?

पातेल्यात फॉइल, सोडा, उकळतं पाणी. दहा मिनिटांनी डबी थेट गार नळाखाली. टपाटप निळे कण सुटायला लागले. काय आनंद झाला म्हणता मला! उरलेलं टूथपिकनं कोरून काढलं आणि नवऱ्याला हाक मारली.

तो बघून म्हणाला, "अगं, ती मुद्दाम केलेली डिझाइन नसेल ना?"

"तुला चांदीतलं काय कळतं रे?"

दुसऱ्या दिवशी मार्गारेटबाई आल्या. मी डबी पुढे करून म्हटलं, "बघा, कशी लख्ख केलीय."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हिच्यावर फुलपाखरं होती," त्या हळूच म्हणाल्या. "निळी. लहानपणी मी आजारी पडले की आई ही डबी माझ्या हातात द्यायची."

तो मळ नव्हता हो. मीनाकाम होतं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी रडायलाच लागले, आणि लाज बघा किती, त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"असू दे गं. माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, तो पुन्हा करून देईल. तुझ्याकडे ते निळे कण असतील ना? त्यावरून तो नेमका रंग जुळवेल."

कण? डबी झाल्यावर मी सिंक दोनदा घासलं होतं, आणि वर ब्लीच ओतलं होतं. आपण जरा अजागळ बाई असतो तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.