रुमालाखालचा आकडा

बायको गेली त्या साली मी कुणाचंच खरं मानत नव्हतो. दवाखान्यातले म्हणाले होते, सोमवारी सोडतो. सोमवारी सोडलं, पण कसं ते सांगायला नको. तेव्हापासून शेजारणीनं वाटीभर कालवण आणून दिलं तरी मी आधी वास घ्यायचो. लोक म्हणायचे, म्हातारा बिघडला. बिघडलोच होतो.

घरात दोघंच उरलो, मी आणि एकुलती लेक. ती इंदापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, तात्पुरत्या नोकरीवर. आमची वस्ती अंथुर्ण्याच्या बाहेर, रानात. आणि कुंपणात बायकोच्या अकरा मेंढ्या. माझ्या नव्हेत, तिच्या. लग्नात बापाच्या कळपातून तिनं ज्या आणल्या, त्यांची ही औलाद. कळप मोडून आम्ही शेतीला लागलो त्याला जमाना झाला, पण एवढ्या तिनं सोडल्या नाहीत. ती गेल्यावर चारायच्या कुणी? माझा गुडघा असा की बांधावर चढलो तर उतरवायला माणूस लागायचं. लेक कॉलेजच्या आधी त्यांना फिरवायची, परत आल्यावर पुन्हा फिरवायची आणि ताटावर बसल्या बसल्या पेंगायची.

एकदा ती म्हणाली, "आबा, मेंढ्यांचं काय ते ठरवाया पायजे."

मी ताटावरनं उठलो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. म्हणून तर मला जास्त संशय आला.

त्याच सुमाराला तिनं पुढचं शिक्षण काढलं होतं. एम.एस्सी. झालेली पोर, आणखी काय शिकायचं राहिलं होतं कोण जाणे. मी शाळा तिसरीत सोडली, मला काय कळणार. विचारलं तर म्हणाली, "निर्णय कसा घ्यायचा, त्याचं गणित हाय."

"त्याला शाळा लागती व्हय? आमी घेतलंच की आजवर."

"घेतलंत की. त्यातलं निम्मं आईनं घेतलं."

हे कॉलेज कुठं, तर कुठंच नाही. दर रविवारी ती एसटीनं बारामतीला जायची आणि एका दुकानात कॉम्प्युटरपुढं बसायची. मास्तर तिकडं परदेशात, विद्यार्थीण इकडं, मधे फोनची तार. हे मला तिनं नीट सांगितलं होतं, पण नीट सांगितलेल्यावर तर माझा तेव्हा मुळीच विश्वास नव्हता.

स्टँडवर माझा एक जुना दोस्त पंक्चर काढायचा. मुसलमान, लहानपणी आम्ही एका तालमीत कुस्ती खेळलेलो. एके दिवशी तो चारचौघांत म्हणाला, "आबा, तुमची लेक बारामतीत लायनीवर असती म्हणं, दर रविवारी."

आमच्याकडं लाइन म्हटलं की एकच गोष्ट, पोरं पोरींवर मारतात ती. एकाच्या नाकातून चहा आला.

"कुणाच्या लायनीवर?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? माझा मेव्हणा सांगत हुता. त्याच्या दुकानाच्या वरच हाय ते. ऑनलाइन का काय म्हनत्यात."

"आन काय म्हनतो तुजा मेव्हणा?"

"आवं, चिडताय कशाला? मशीन हाय म्हणं तितं."

मशीनचं निमित्त सगळेच सांगतात. पुढच्या रविवारी मी पटका बांधला, रुमाल खांद्यावर टाकला आणि लेकीला म्हणालो, "मला बारामतीतनं चपला घ्यायच्यात."

"इंदापुरात मिळत न्हाईत?"

"तितल्या चावत्यात."

तिनं खिडकीची जागा मला दिली.

खाली पाण्याच्या मोटारींचं दुकान, वर लोखंडी जिना. माडीवर तीन मशीन आणि चष्मेवाला जाडजूड मालक. लेक एका मशीनपुढं बसली. मशीननं आधी फोन फिरवल्यासारखी टिकटिक केली, मग अडलेली मेंढी शेवटाला ओरडते तशी किंचाळी मारली. मी उठून उभा राहिलो.

मालक ओरडला, "ताई, लाइन लागली!"

"कुणाची?" मी त्याच्यावर ओरडलो.

"फोनची, काका."

लेक तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. राग धरावा का बरं वाटून घ्यावं, मला कळेना.

पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, मुंग्यांसारखी.

"मास्तर बाप्या हाय का बाई?"

"नावावरनं कळत न्हाय, आबा."

"म्हंजे तोंड बघितलं न्हाय, आन त्याच्याकडनं अक्कल घेतीस."

"तुमी रेडिओवर बातम्या ऐकता. त्या बाईचं तोंड बघितलंय?"

मग तिनं मास्तरानं दिलेला अभ्यास वाचून दाखवला. आपल्या घरातला एक खरा निर्णय घ्यायचा. ज्या माणसानं तो घ्यायचाय त्याला प्रश्न विचारायचे, त्याचे अंदाज घ्यायचे आणि गणित मांडायचं.

"मी मेंढ्यांचा घेतलाय," ती म्हणाली.

आलं बघा. मला वाटलंच होतं.

चपला न घेताच परत निघालो. एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. विकू म्हणायची छाती नाही, म्हणून हे सगळं यंत्राच्या तोंडून वदवायचं. आणि तो बिनतोंडाचा मास्तर, तो कशावरनं व्यापाऱ्याचा माणूस नव्हता?

त्याच दिवशी तिनं अंगणात मातीवर काटकीनं झाड काढलं. आडवं पडलेलं, बिनपानाचं. "ही फांदी ठेवायच्या, ही विकायच्या. ठेवल्या तर पुढं आणखी फांद्या. चारा पुरला, न्हाय पुरला. तुमचा गुडघा चालला, न्हाय चालला."

"गुडघ्याला फांदी?"

"व्हय. आता सांगा, चारा कमी पडंल असं शंभरातनं किती वेळा होईल?"

"एकदाबी न्हाय."

"कोकरं किती जगतील?"

"समदी."

"गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?"

ती खाली मान घालून आकडे मांडत गेली.

इथं एक सांगायला हवं. उभी जवानी मी बाजारात मेंढ्या विकल्या. तिथं आकडा तोंडानं कुणी बोलत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. तोंडानं चालतं ते भोवतीच्या बघ्यांसाठी. मेंढ्यांबद्दल तोंडानं खरा आकडा मी जन्मात सांगितला नव्हता. आता काय यंत्रापुढं सांगणार?

पुढच्या रविवारी तिनं ते सगळं जसंच्या तसं धाडलं. त्याच्या पुढच्या रविवारी उत्तर आलं. मीही गेलो होतो, चपलांच्याच निमित्तानं. वाचता वाचता ती थांबली.

"काय म्हनतो?"

"म्हनतो, अशा मेंढ्या असतील तर दोन मलाबी पाठवा."

मालक हसला. मी त्याच्याकडं बघितलं तसा तो वायर तपासायला लागला.

"आणखी म्हनतो," ती हळू म्हणाली, "ह्यो माणूस अंदाज सांगत न्हाय, भाव सांगतोय. तुमी त्याला काय व्हईल ते विचारलं. त्याला काय पायजे, ते विचारलंच न्हाय."

सातासमुद्रापलीकडच्या माणसाला हे कुणी सांगितलं? गावातलं कुणीतरी फुटलंय, असं मी पार घरी येईपर्यंत धरून बसलो होतो.

अंगणातलं झाड कोंबड्यांनी उकरून टाकलं होतं. लेकीनं मेंढ्या आत घेतल्या. तिनं "हाल्या हाऽ" केलं की अगदी तिच्या आईचा आवाज यायचा आणि मेंढ्या माना वर करायच्या. माझ्या हाकेला त्यांनी कधी कान हलवला नाही. मग ती येऊन माझ्यापुढं बसली आणि माझ्या खांद्यावरचा रुमाल काढून घेतला.

"भावच सांगायचा ना? मग बाजाराच्या रीतीनं करू."

"पोरी, येडी झालीस काय?"

"ऐका. मी पुढल्या साली हितं असंन का न्हाय, मलाच ठावं न्हाय. शिक्षण झालं तर पुण्याला जावं लागंल. अकरा मेंढ्या तुमच्या गुडघ्याला झेपायच्या न्हाईत. समद्या विका असं मी म्हनत न्हाय. किती ठेवायच्या, ते तोंडानं नका सांगू."

तिनं हात पुढं केला, त्यावर रुमाल टाकला. मी खाली हात घातला. तिची बोटं खडबडीत झाली होती, बाभळीच्या काट्यांनी आणि खडूनं. आधी मी दोन बोटं चाचपली. दोन धरावी, का तीन? पण पुणं डोक्यातून हलत नव्हतं. मी तिचा सगळा पंजा धरला आणि धरून ठेवला.

"पाच?" ती म्हणाली.

मी पंजा आणखी घट्ट धरला.

"पाच झेपतील. मलाबी तेवढंच वाटत हुतं."

तिनं हात सोडवून घेतला नाही. मीच सोडला, मेंढ्या ओरडायला लागल्या तेव्हा.

सहा मेंढ्या बाजारात गेल्या. रुमालाखाली हात मीच घातला आणि व्यापाऱ्याला फसवू दिलं नाही. कुठल्या पाच ठेवायच्या ते तिनं ठरवलं. आईच्या हाकेला सगळ्यांत आधी यायच्या त्या. मास्तरानं तिला चांगले मार्क दिले म्हणे, आणि ही रुमालाची रीत त्याला फार आवडली म्हणे. आवडणारच. तो व्यापाऱ्याचा माणूस नव्हता याची खात्री मला अजून पटलेली नाही.

शिक्षण संपवून ती पुण्याला गेलीच. सुट्टीला आली की कुंपणापाशी उभी राहून आधी हाक मारते, मग माझ्याकडं येते.

मी त्या दिवशी रुमालाखाली आकडा सांगितला नव्हता, नुसता तिचा हात धरला होता, हे तिला आजवर बोललो नाही. पण पोर हुशार आहे. तिला ते तेव्हाच कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.