कटांगाच्या बेटात रफिक नव्हता

मंडळी, भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कसा असणार? आमच्या भागातलं एक भूत मी स्वतःच बनवलंय... आणि गेली सात वर्षं त्याच्या जिवावर रुबाब करतोय! आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे गेले ते गेलेच. त्यामुळे पुढे जे सांगतोय, त्यावर माझ्याच घरात कोणी विश्वास ठेवत नाही.

मी पांढरकवड्याचा. एका दिवसाच्या जंगलसहली काढतो. सकाळी जीप, पाटणबोरीच्या अलीकडच्या फाट्यावरून आत, बांबूचं जंगल, दुपारी कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, भाकर आणि वाळवलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, संध्याकाळी परत. पाहुण्यांना मी सांगतो, इथला वाघ मला बघून वाट बदलतो. बायको म्हणते, तुमच्या गप्पांना कंटाळून बदलत असेल.

तर माझं भूत. नाल्याच्या काठाला कटांगाचं बेट आहे. कटांग म्हणजे काटेरी, मांडीएवढा जाड, आतून पोकळ बांबू. काठीनं ठोकलं तर आवाज पार पलीकडे जातो. मी कथा रचली – एक टोपलीवाला बांबू तोडायला आत गेला, त्याला वाट सापडली नाही, अजून आतच आहे. तीनदा ठोका, तो तीनदा ठोकून उत्तर देतो. पाहुणे ठोकतात – टक टक टक. आतून उत्तर येतं – टक टक टक. बाया किंचाळतात, पोरं खूश. आत काठी घेऊन बसलेला असतो माझा दोस्त रफिक. त्याचं हायवेवर गॅरेज आहे. सहलीच्या दिवशी तो मोटरसायकलनं आधीच पुढे जातो आणि नाल्याच्या अलीकडे एका खड्ड्यात दडतो.

ह्या फेब्रुवारीत एकच पाहुणी होती. कोरियाच्या किम मॅडम. साठीच्या, बारीक, पाठीला पिशवी. दिल्लीत पंधरा वर्षं शिकवत होत्या, हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध. बांबूच्या टोपल्या कशा विणतात ते बघायचं होतं त्यांना. जीपमध्ये आपल्या गावाबद्दल सांगत होत्या. डोंगराच्या पायथ्याशी कौलारू घर, अंगणात तिखट घातलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या मोठमोठ्या बरण्या, खालून चुलीच्या धगीनं तापणारी जमीन, आणि घरामागे बांबूचं बन. मी म्हटलं, सोयाबीन तर आमच्याकडेही पोत्यांनी पिकते मॅडम, फक्त बरणीत घालायची अक्कल नाही. हसल्या. मग म्हणाल्या, वडील गेले तेव्हा मी दिल्लीत होते, पोचू शकले नाही. घराला तेव्हापासून कुलूप आहे.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! बेटापाशी पोचल्यावर टोपलीवाल्याची कथा मी नेहमीपेक्षा जास्तच रंगवली.

साडेअकरा वाजले होते. ऊन लख्ख, पाचोळा कुरकुरीत. मॅडमनी काठी घेतली. टक टक टक.

काही नाही.

रफिकचा डोळा लागला असेल म्हणून मी जोरात खोकलो. तेव्हा आतून आलं... टक टक. मग थांबून – टक.

मनात रफिकला दोन शिव्या घातल्या. तीन सलग ठोकायचे, एवढंही जमत नाही? पुन्हा तेच. दोन. थांबून एक.

मॅडमच्या हातातली काठी पडली. पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"पिताजी आहेत," त्या म्हणाल्या. "जेवायला बोलावतायत."

बनात खेळायला गेलेल्या लेकीला बाप असाच हाक मारायचा म्हणे. दोन आणि एक. आवाजाच्या दिशेनं सरळ यायचं, इकडे-तिकडे बघायचं नाही.

आणि त्या सरळ निघाल्या.

मंडळी, आता मी एकही आकडा वाढवून सांगत नाही. बेट संपतं तिथे नाल्याचा कडा आहे. पाहुण्यांना मी शंभर हात सांगतो, खरा वीस हात. पण सरळ उभा, खाली दगड, आणि काठावर पाचोळा असा साचतो की जमीन कुठे संपली ते कळत नाही. मी मागे पळालो. कटांगाचे काटे माझा शर्ट फाडत होते, कान फाडत होते. त्यांच्या ओढणीला एक काटा लागला नाही. त्या चालत होत्या आणि ठोका पुढे पुढे सरकत होता. मी हाका मारल्या, वळून बघेनात. रफिकचा खड्डा बाजूनं गेला. आत बघितलं नाही, वेळच नव्हता.

मग ठोका आला तो नाल्याच्या पलीकडून.

आयुष्यात पहिल्यांदा, पाहुण्यासमोर, मी खरं बोललो. ओरडलो, "मॅडम, तो माझा मित्र आहे! रफिक! हे सगळं नाटक आहे, मी खोटारडा आहे!"

त्या थांबल्या. पुढच्या पायाखालचा पाचोळा सरसर खाली गेला... आणि क्षणभरानं खाली दगडावर एक खडा वाजला.

मी हात धरून त्यांना मागे ओढलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं. "तुमचा मित्र?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. आधाराला म्हणून मी एक कटांग घट्ट धरला होता. तेवढ्यात त्याच्या आतून, माझ्या तळहाताला, ठोके लागले. दोन. थांबून एक.

मी हात झटकन काढून घेतला. पोडावर गेलो नाही, टोपल्या बघितल्या नाहीत. जीप सरळ हायवेला.

त्यांना लॉजवर सोडून मी गॅरेजवर गेलो. रफिक वणीहून आलेल्या कोळशाच्या ट्रकखाली उताणा. कोपरापर्यंत काळा.

"काहून बे," तो खालूनच म्हणाला, "सकाळपासून फोन लावून राह्यलो तुले, लागूनच नाही राह्यला. आज जमत नाही म्हणून सांगाचं होतं."

ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, आठ वाजल्यापासून हा खालीच आहे.

मॅडमना मी हे कळवलं नाही. आपला बाप नव्हता, एका भामट्याची थट्टा होती, असं समजूनच त्या गेल्या. जाऊ दे म्हटलं, जिवंत गेल्या.

गेल्या महिन्यात त्यांचा मेसेज आला. कोरियाला आपल्या गावी परतल्यात, घराचं कुलूप काढलंय, बरण्या धुऊन उन्हात ठेवल्यात. संध्याकाळी घरामागच्या बनात जाऊन वडिलांसाठी दोन आणि एक ठोकलं. उत्तर आलं.

तीन. सलग.

खाली लिहिलं होतं – "तुमच्या मित्राला म्हणावं, मी रागावलेली नाही. आता बाहेर ये."

रफिक माझ्या शेजारीच टपरीवर चहा पीत होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचलं, बशी खाली ठेवली, आणि स्वतःच्या हातांकडे बघत हळूच विचारलं, "मी तं इथंच हावो ना बे?"

हो म्हटलं त्याला. बेटाची सहल मी बंद केलीय. मॅडमना काय उत्तर लिहू ते अजून सुचत नाही... मला, ज्याला आजवर काही सुचलं नाही असं कधी झालं नाही.