तारीख टाकलेली पावती

आमच्या दुकानात माणसं दोनच: कापणारे भाऊजी आणि शिवणारा मी. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, पण अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. बाकीचे शिंपी ‘उद्या या’ म्हणत गिऱ्हाइकाच्या चपला झिजवतात. मास्तरांची तारीख बावीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पावतीवर जो दिवस, त्या दिवशी कपडा इस्त्री होऊन खुंटीवर तयार. मी अंदाज सांगायचो आणि ते त्यात दोन दिवस मिळवायचे. “शिवायला तू बसणार, म्हणून,” असं वर हसून सांगायचे.

नवीन पावतीपुस्तक आलं की मात्र ते सगळ्या कोऱ्या पावत्यांवर आधीच सह्या करून ठेवत. मी म्हणायचो, “भाऊजी, उद्या मी यावर काहीही लिहीन हं.”

“लिही की. दुकान तुझंही आहे.”

मोठ्या दवाखान्याकडे जाणारी सकाळची बस बंद झाली आणि ताईच्या तपासण्यांचे हाल सुरू झाले. दोन बस बदलायच्या आणि मधला रस्ता पायी तुडवायचा. मास्तरांनी चार अर्ज केले, चारही कुठे गडप झाले कोण जाणे. पाचवा अर्ज केला तो थेट खासदारकीच्या उमेदवारीचा. अपक्ष, चिन्ह कात्री. मी डोक्याला हात लावला.

समोरचा पुढारी सभेत म्हणाला, “हा तुमच्या खिशाला कात्री लावील.” मास्तरांनी नाक्यावर उभं राहून उत्तर दिलं, “त्यांच्या कोटाला खिसे किती ते मला विचारा. मीच शिवलाय. सात आहेत.” त्या दिवसापासून लोक आम्हाला गांभीर्याने घ्यायला लागले.

मतदानाला चार दिवस उरले असताना आम्ही मागच्या गल्लीत गेलो. तिथली निम्मी माणसं दवाखान्याच्या वाऱ्या करणारी. कपडे धुऊन पोट भरणारी एक म्हातारी होती, तिला सगळे धोबीण आजी म्हणत. तिने विचारलं, “मास्तर, बस कधी येणार ते सांगा.”

“मी प्रश्न विचारीन, पाठपुरावा करीन. पण तारीख नाही देता येणार, आजी.”

लोकांची तोंडं उतरली. माझं डोकंच फिरलं. एवढं मापात बोलून कुणी निवडून येतं का? दुसऱ्या दिवशी मास्तर दुसऱ्या गावी गेले आणि मी पावतीपुस्तक घेऊन एकटाच त्या गल्लीत गेलो. बासष्ट पावत्या फाडल्या. प्रत्येकीवर लिहिलं: ‘सकाळची बस’, आणि खाली सहा महिन्यांनंतरच्या एका सोमवारची तारीख. कापडाचा तुकडा टाचायची जागा तेवढी रिकामी राहिली. कुणी एका शब्दाने शंका घेतली नाही. खाली मास्तरांची सही होती ना.

मतमोजणी दोनदा झाली. मास्तर त्रेचाळीस मतांनी निवडून आले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, ताई रडली, आणि मास्तर मला मिठी मारून म्हणाले, “त्रेचाळीस! अरे, एवढे गणवेश तर आपण आठवड्यात शिवतो.” मीही हसलो. मनात मात्र त्रेचाळीस आणि बासष्ट हे दोनच आकडे फिरत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी शेपूट घातलं.

राजधानीत मास्तरांनी बसबद्दल तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’. म्हणजे सरकारी भाषेतलं ‘उद्या या’.

तो सोमवार उजाडला. मी थांब्यावर जाऊन पाहिलं तर चाळीसेक माणसं रांगेत, हातात पावत्या. सगळ्यांत पुढे धोबीण आजी, काखेत दवाखान्याची फाईल. कुणी चिडलेलं नव्हतं. “मास्तरांची तारीख आहे, येईल की,” आजी मलाच धीर देत होती. दुपारपर्यंत उभे राहिले बिचारे. मग सगळे दुकानात आले. अधिवेशनाला सुट्टी होती, मास्तर दुकानातच बसले होते.

आजीने पावती पुढे केली. मास्तरांनी चष्मा लावला. माझा सातचा आकडा शेपटीसकट वेगळाच निघतो, गेली बावीस वर्षं ते त्यावरून मला चिडवत आले होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

“सही माझी आहे, आजी,” मास्तर म्हणाले. “तारीख चुकली. माफ करा मला.”

आजीने पावती परत घेतली. मग हळूच म्हणाली, “कापड कमी पडलं का, मास्तर?”

“हो. कमी पडलं.”

एकेक करून सगळे निघून गेले. कुणी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

बस वर्षभराने सुरू झाली, तीही मास्तरांच्याच खटपटीने. मागची गल्ली तिला अजून ‘उशिराची बस’ म्हणते. त्या पावत्यांबद्दल मास्तर मला कधी एका अक्षराने बोलले नाहीत. ताईलाही त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात नवीन पावतीपुस्तकं छापून आली. मास्तर दोन दिवसांसाठी घरी आले होते. मी पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली, वर पेन ठेवलं. त्यांनी चहा घेतला, ताईची तब्येत, शाळेचे गणवेश, सगळं बोलले. उठताना मी म्हटलं, “भाऊजी, सह्या राहिल्या.”

त्यांनी पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशात अडकवलं.

“तुझ्याच सहीने चालव,” ते म्हणाले. “दुकान आता तुझंच आहे.”