पुसलेल्या लॅपटॉपमधला सुधीर

सुधीरला जाऊन तीन आठवडे झाले होते. स्टॅनमोरमधल्या त्याच्या घरून त्याच्या मुलीचा, केतकीचा, रडत फोन आला. "मावशी, मी बाबांचा लॅपटॉप फॉरमॅट केला. मंडळाला द्यायचा होता ना... बॅकअप होता, I checked! पण त्यात गोष्टी नाहीयेत."

आजारपणात सुधीरने सहा वर्षांच्या नातीसाठी, मीरासाठी, स्वतःच्या आवाजात मराठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. बॅकअप उत्तम होता, पण त्या गोष्टींच्या आधीचा. पुढे त्याच्या अंगात बॅकअपची ड्राइव्ह जोडण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"लॅपटॉप बंद कर आणि हात लावू नकोस," मी म्हणाले. हे वाक्य खरं तर सुधीरचंच. दर शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तो आम्हा निवृत्तांना पुसलेल्या फाइल्स परत मिळवायला शिकवायचा. माझा जन्म हॉस्पिटलच्या फार्मसीत गेलेला, मला हा सगळा उपद्व्याप वाटे. "अरे, माझे दोन-दोन बॅकअप आहेत. कशाला छळतोस?" तो शांतपणे चहात बिस्कीट बुडवायचा. "बॅकअप कालचा असतो, गोंधळ आज होतो. कर परत." मी चरफडत परत करायची. किती बोलले असेन त्याला... आज मनापासून माफी मागते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. लॅपटॉप जुना, आत फिरणारी डिस्क, आणि पुसल्यावर तिच्यात नवीन काही भरलेलं नव्हतं, म्हणून आशा. त्याच्याच स्क्रू ड्रायव्हरने डिस्क काढली, आधी तिची जशीच्या तशी प्रत केली आणि शोध त्या प्रतीवर लावला. मूळ डिस्कशी खेळले असते तर तो वरून ओरडला असता. दुपारपर्यंत काहीच नाही. केतकी माझ्याकडे बघायचं टाळत होती. मग एक फाइल आली, बिननावाची, नुसता आकडा. मग दुसरी, तिसरी... सतराच्या सतरा गोष्टी! अडुसष्ट वर्षांची मी, खुर्चीतून उठून चक्क नाचले. जिंकलास रे सुधीर, जिंकलास!

मंडळाला केतकीने दुसरा लॅपटॉप दिला. हा त्याच्या खुर्चीसमोर तसाच आहे, शेजारी स्क्रू ड्रायव्हर. त्या दुपारी पहिली फाइल लावली, तर आधी त्याचा खोकला आला आणि मग आवाज, "मीरा, बसलीस का नीट?"

मीरा धावत आली, आजोबांच्या खुर्चीवर चढली आणि मांडी घातली.

"बसली, आजोबा."