जुनं झबलं

समुद्रपूरच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. दिवस भरत आलेले, सोबतीला कोणी नाही, एक हात सारखा पोटावर. मी सहज विचारलं, "पहिलंच का?"

"दुसरं. पोरगी बापाजवळ हाय, कोर्टानं त्याले देली. लोक म्हणतात, एक ठेवता आली नाई, मंग दुसरं काऊन?"

आमच्याकडे नव्या बाळाला आधी जुनंच झबलं घालतात, म्हणून म्हटलं, "पोरीचं झबलं असेलच की."

"हाय ना. पण ते ह्या लेकराले घातलं, तं तिचा वास जाईन."

असं झबलं बाई बहिणीकडे मागते, नाहीतर जावेकडे. उतरताना तिनं मला विचारलं, "ताई, तुमच्या घरी असन का एखादं?"