भीमेकाठच्या पायऱ्या

शिरूरच्या मिशन दवाखान्यात मी बाळंतपणाचं काम शिकले आणि लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले. भीमेपलीकडच्या गावांतून मला बोलावणी यायची. पूल होता, पण तो आगगाडीचा. माणसं नावेनं जायची. नाव चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. काठाला गुडघाभर चिखल असे. बायका उतरेपर्यंत मामा कमरेइतक्या पाण्यात नाव धरून उभे राहत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कॉलनीत एक साहेब बदलून आले. मुंबईच्या बंदरात त्यांनी शिडाची होडी चालवली होती. इथंही बोट क्लब हवा, असं त्यांनी मनावर घेतलं. नदीकाठी चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या, त्याही नेमक्या नाव लागायची तिथंच. तारेचं कुंपण होणार होतं आणि नावेनं खाली, मसणवटीपलीकडच्या खडकांत लागायचं होतं.

काठावर सभा भरली. मामा कधी चारचौघांत बोललेले नव्हते. त्या दिवशी ते पुढं झाले.

"साहेब, नदी काय कॉलनीची हाय व्हय? आज कुंपण घालाल, उद्या पाण्याला हात लावू देणार न्हाई."

लोकांनी खुंट्या उपटून नदीत टाकल्या. क्लब बारगळला. पलीकडच्या गावचे सरपंच होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी मामांना फेटा बांधला. पोरंटोरं मामांच्या मागं ओरडत गेली.

काही वर्षांनी दुसरे साहेब आले. हा माणूस मऊ बोलणारा. आधी मामांच्या नावेत बसून पलीकडं जाऊन आला. मीही त्या खेपेला होते. त्यानं गुडघ्यांवर नकाशा पसरला. कुंपण नव्हतं. दगडी पायऱ्या होत्या, सगळ्यांसाठी, आणि नाव बांधायला लोखंडी कडी. क्लबच्या होड्या एका अंगाला.

"पायऱ्या कुठवर येत्याल?" मामांनी विचारलं.

"उन्हाळ्यात पाणी जिथवर असतं, तिथवर."

मामांनी वल्हं थांबवलं. गार पाण्यात उभं राहून त्यांचे गुडघे तोवर पार धरले होते. नावेतून उतरताना ते माझ्या खांद्याचा आधार घेत.

पुन्हा सभा झाली. आबा उठले. "आधी पायऱ्या, मागनं कुंपण. मामांनी तवाच सांगितलंय. मामा, व्हय का न्हाई?"

सगळे मामांकडं बघायला लागले. 

"व्हय," मामा खाली बघत म्हणाले.

साहेबांनी नकाशा गुंडाळला. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

पुढच्या खेपेला नावेत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "मामा, तुम्हाला पायऱ्या हव्या होत्या ना?"

"व्हत्या की."

"मग बोलला का नाहीत?"

"बाई, ह्याच लोकांनी मला फेटा बांधला. त्यांच्यातच उभं राहून आबाला खोटं कसं पाडू?"

त्यानंतर दोनेक पावसाळे त्यांनी कसेबसे काढले. मग पायच उचलेनात. मुलगा लोकोशेडमध्ये लागला होता, तो त्यांना कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला. नाव काठावर पालथी पडून राहिली. दुसरं कुणी त्या चिखलात उतरायला तयार होईना.

बायका रेल्वेच्या पुलावरून जायला लागल्या. मीही पिशवी घेऊन, इंजिनाचा कानोसा घेत जायची. एकदा मालगाडीपायी पुलाच्या तोंडाशीच अडकले. पोचले तोवर बाळ झालेलं होतं, शेजारणीनं नाळ कापली होती. निभावलं. पण ती पहिलटकरीण माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती मला अजून आठवते.

आबा एकदा दौंडच्या बाजारात भेटले. पार थकले होते. आपण होऊनच म्हणाले, "त्या दुसऱ्या सायबाचं ऐकाया पायजे व्हतं."

"मामांना सांगितलंत का हे?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"क्वार्टर इथंच आहे, आबा. चला, मी येते बरोबर."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कॉलनीच्या दिशेनं क्षणभर बघितलं.

"पुढल्या बाजाराला बघू, बाई. आता पुलावरनं जायाचं, गाडीची येळ हुईल," म्हणाले आणि चालू लागले.